ब्लँकवरच्या नंबरावर जाऊ नका

फ्लाय फिशिंगचा (नकली माशी फेकून मासे धरायचा) पहिला रॉड घरी बांधताना सर्वांत स्वस्त नऊ फुटी ५ नंबर ब्लँक (रॉडची नुसती काठी) घ्या आणि उरलेले पैसे लाइनवर (फेकायच्या दोरीवर) घाला, असा एक सल्ला आहे. पटतं, पण स्वस्त ब्लँकवरचा नंबर, म्हणजे तो किती जड लाइनसाठी आहे ते, खरा असेलच असं नाही. माझा निघाला चक्क ७ च्या जवळचा! ५ नंबर लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन जेमतेम ९ ग्रॅम, ७ ची १२ ग्रॅम. त्यामुळे पवनेच्या बॅकवॉटरवर ५ ची लाइन लावून कास्ट करताना (लाइन फेकताना) काठी वाकेचना. आधी वाटलं, आपलाच हात वाईट.

मग घरी तपासलं. ब्लँक टेबलाला आडवा बांधला, टोकाला दुधाची रिकामी पिशवी लटकवली आणि टोक तीन फूट खाली येईपर्यंत पाच रुपयांची नाणी टाकत गेलो. मित्राच्या खात्रीच्या ५ नंबर रॉडला १६ लागली, माझ्याला २२. (नाणी एकाच प्रकारची घ्या, जुनी जड असतात.) ही तपासणी ब्लँकला गाइड (लाइन ओवायच्या कड्या) बांधायच्या आधी करा. मी नंतर केलं, शेवटी ७ ची लाइन घ्यावी लागली आणि ब्लँकमध्ये वाचवलेले पैसे तिथेच गेले.