कुरतडलेली अक्षरं

कुणीतरी विचारलंय की एका पोस्टरवरच्या फाँटमध्ये अक्षरांना कोपऱ्याकोपऱ्यात खाचा का, उंदरानं कुरतडल्यासारख्या? आता त्या शोभेला ठेवतात, पण मूळ कारण अगदी धंद्याचं आहे. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीनं डिरेक्टरीसाठी मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकाराकडून 'बेल सेंटेनियल' हा फाँट करून घेतला. १९७८ साली तो पुरा झाला. डिरेक्टरी म्हणजे हलका कागद, भरधाव छपाई आणि मुंगीएवढी अक्षरं. दोन रेघा मिळतात तिथे शाई साचून गोळा होतो. म्हणून त्यानं तिथला काळा भाग आधीच कोरून काढला. छापताना शाई पसरते, खाच भरते, अक्षर नेटकं दिसतं. शाई सांडणार हे गृहीत धरूनच काढलेलं अक्षर! मोठं करून बघा, चांगलंच ओबडधोबड दिसतं.

मला आमच्या घरचं जुनं पंचांग आठवलं. त्यातल्या रोजच्या योगांपैकी 'वृद्धि'मधले वृ आणि द्ध दोन्ही नुसते काळे ठिपके. योगांचा क्रम ठरलेला, 'गंड'नंतर 'वृद्धि'; म्हणून आजी आदल्या दिवशीचा 'गंड' बघून आजचा योग ठरवायची. भिंग होतं, पण त्यानं ठिपका फक्त मोठा व्हायचा.