कुरणातली ती घळ ओरेगॉन ट्रेलचीच का? हिस्ट्री क्लबात जुंपलीये

ब्लूकाठची:
कॅन्ससच्या उत्तरेला राहते, बिग ब्लू नदीजवळ. इथल्या लायब्ररीत महिन्यातून एकदा हिस्ट्री क्लब भरतो, पंधरा-वीस डोकी, मी सोडून सगळे सत्तरीपुढचे. टाइमपास म्हणून गेले आणि चटकच लागली. अर्धा वेळ हिशोब आणि कबरींचे दगड कोण साफ करणार यातच जातो, मग कोणीतरी ट्रेल्सचा, म्हणजे ओरेगॉन ट्रेलसारख्या, लोक वॅगनी (जनावरं जुंपलेल्या गाड्या) घेऊन पश्चिमेला गेले त्या जुन्या वाटांचा विषय काढतं आणि पेंगणारे पण जागे होतात. गेल्या वेळी एक आजोबा शेजाऱ्याच्या कुरणाचे फोटो घेऊन आले, गुडघाभर खोल लांबलचक घळ, म्हणे 1840-50च्या वॅगनींची चाकोरी आहे. लगेच दुसरे म्हणाले, कसली चाकोरी, माझे वडील तिथून ट्रॅक्टर न्यायचे! आता पुढच्या मीटिंगला यावर मीच बोलायचंय. शोधू कसं?

नकाशेवाला:
जनरल लँड ऑफिसचे (सरकारी जमिनींचं जुनं खातं) जुने सर्व्हे नकाशे बघ, ऑनलाइन फुकट आहेत. कॅन्ससमधे सर्व्हे 1854च्या अखेरीस सुरू झाला, म्हणजे ट्रेल चालू असतानाच. पण एक मेख आहे. सर्व्हेवाले जमिनीचे मैलभराचे चौकोन (सेक्शन) पाडायचे आणि त्यांच्या कडांवरून, म्हणजे सेक्शन लाइनवरून, मोजायची साखळी टाकत चालायचे, रस्ता आडवा आला की वहीत नोंद, चौकोनाच्या कोपऱ्यापासून इतक्या साखळ्यांवर. 80 साखळ्या म्हणजे एक मैल. त्यामुळे नकाशातली रस्त्याची रेष जिथे सेक्शन लाइन ओलांडते तो बिंदू भरवशाचा, मधलं सगळं अंदाजाने जोडलेलं. लोक ती मधली रेष पकडून भांडत बसतात. नकाशासोबत फील्ड नोट्स, म्हणजे त्या वह्या, पण काढ, खरा माल तिथेच.

धूळपाटी:
आणि लायडार, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची. यूएसजीएसचा (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ खातं) डेटा फुकट मिळतो, हिलशेड (उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणारं चित्र) लावला की गवत गायब, नुसती जमीन दिसते. एकच खोल चर सरळ फाटकाकडे जात असेल तर ट्रॅक्टरवाले आजोबा जिंकले. ट्रेल बहुतेक वेळा एक रेष नसतेच, धूळ खायला नको म्हणून वॅगनी आजूबाजूने पसरून चालायच्या, चढ-उतार किंवा नदी ओलांडायची जागा आली की एकत्र यायच्या. म्हणून नदीकडे उतरणाऱ्या तीन-चार समांतर घळी दिसल्या तर कान टवकार. वायोमिंगमधे गर्न्झीला मऊ वाळूच्या दगडात पाच फुटांपर्यंत खोल चाकोऱ्या आहेत, ते बघून सगळ्यांना तसंच हवं असतं, पण मातीत बहुतेक नुसता खोलगट पट्टा उरतो.

काठावरचा:
नदी ओलांडायची जागा पण एकच नव्हती हं. 1846 साली पुरामुळे डॉनर पार्टी (कॅलिफोर्नियाला निघालेला वॅगनींचा तांडा) तुमच्याच नदीवर अल्कोव्ह स्प्रिंग या झऱ्याजवळ अडकली होती, शेवटी तराफा बनवून पलीकडे गेले. पाणी जसं तशी वाट बदलायची. आणि प्लीज, मेटल डिटेक्टर आणि फावडं घेऊन कोणी जाऊ नका, खाजगी कुरण आहे, नुसतं बघायचं असलं तरी मालकाला विचारा. आणखी एक, बोलताना "निर्जन प्रदेश" वगैरे नको. ज्या कान्झा लोकांवरून राज्याचं नाव पडलं ते इथेच होते आणि यातल्या बऱ्याच वाटा वॅगनींच्या आधीच मळलेल्या होत्या.

ब्लूकाठची:
बघितलं!! पूर्वेच्या सेक्शन लाइनवर नोंद आहे, 31 साखळ्यांवर रस्ता. घळ तिथून जवळपास पाव मैल दक्षिणेला. लायडारमधे घळ सरळ जुन्या गोठ्याकडे जाते, पण उत्तरेला नदीच्या उताराशी तीन फिकट पट्टे आहेत ज्यांच्याबद्दल कोणी बोललंच नाहीये. म्हणजे दोघेही आजोबा चुकीच्या जागी भांडतायत 😅 मालकीण बाई म्हणाल्या गवत कापून झालं की या, दोघांनाही घेऊन या. एकाच गाडीत बसवायचं कसं तेवढं सांगा.

नकाशेवाला:
पुढच्या सीटवर कोणालाच बसवू नकोस.