अनुभव धागा: तुमचं 'ओके' नेमकं कोणतं?

होकार, पोच, 'ठीकठाक', 'पुरे झालं आता' हे सगळं 'ओके' एकटंच सांभाळतं. २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टनच्या एका दैनिकात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम बिघडवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून हा शब्द छापून आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाशी तो जुळला आणि तगला. तुमच्या कामात, घरात तो काय काय अर्थ घेऊन येतो? लिहा.

– मी परिचारिका आहे. घरी सोडताना पेशंटला गोळ्या समजावल्या की 'ओके' येतंच. त्यात कधी 'समजलं' असतं, कधी 'दमलोय, जाऊ द्या'. म्हणून मी विचारते, "काका, कुठली गोळी कधी घेणार, मला सांगा बरं." परवा एका आजोबांनी ओके ओके म्हणून रात्रीची गोळी सकाळची सांगितली. पुन्हा बसलो, पाकिटांवर सूर्य-चंद्र काढले. एवढा वेळ प्रत्येक पेशंटला मिळायलाच हवा.

– सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'ऑर्डर रद्द करायची?' या प्रश्नाखाली 'ओके' आणि 'कॅन्सल' अशी बटणं असली की माणूस अडकतो. दोन्ही बटणं रद्दच करतील असं वाटतं. बटणावर सरळ 'ऑर्डर रद्द करा' लिहावं, हा माझा हट्ट. ॲपलच्या लिसा संगणकावर आधी 'डू इट' (Do It) होतं. चाचणीला बसलेल्या एकाने ते 'डोल्ट' (Dolt), म्हणजे मठ्ठ, असं वाचलं आणि तो चिडला. मग तिथे 'ओके' आलं.

– ताईला मेसेज केला, "मी नाही आले तर चालेल?" उत्तर: 'ओके'. पुढे काहीच नाही. लगेच फोन लावला. रुसलीच होती.

– बाबांचं 'ओके, ओके, चल' म्हणजे फोन ठेवायची वेळ झाली. आईचं तेच म्हणजे खरी बातमी आता सांगणार.

– स्कूबा डायव्हिंग करते. पाण्याखाली अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की तो प्रश्नही असतो आणि उत्तरही. जोडीदाराने विचारलं की तीच खूण परत करायची. नाही केली तर काहीतरी बिनसलंय असं धरतात. नवखे सवयीने अंगठा वर करतात. तिथे त्याचा अर्थ 'वर चला', आणि जोडीदार खरोखरच त्यांना घेऊन वर निघतो.