भिगवणला उडते पक्षी टिपायचेत, पण बर्स्ट दोन सेकंदांत अडकतो

पाणकाठ: भिगवणला कुरव आणि नदी सुरय उडताना टिपायचेत. २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम, लेन्स १००-४००. पारव्यांवर सराव करतोय, तर बर्स्ट लावला (बटण दाबून धरून सलग फोटो काढले) की दोन सेकंदांत कॅमेरा अडखळतो. कार्डावर १७० एमबी छापलंय, मग असं का? आणि निम्म्याहून जास्त फोटो शार्प येत नाहीत.

उलटाछत्रीवाला: १७० हा वाचायचा वेग. लिहिण्यासाठी व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे आकडे बघा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबीची हमी, बस्स. आता हिशेब करा. एक रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) ३० एमबी धरली तर सेकंदाला १५ फ्रेमचे ४५० एमबी झाले, आणि कार्डात उतरतात फार तर ८०-९०. बाकी सगळं बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत, तुंबतं. बफर भरला की कॅमेरा कार्डाच्या चालीने चालणार, सेकंदाला जेमतेम तीन फ्रेम.
आधी फुकटातला उपाय: रॉ+जेपेग बंद करा, कॉम्प्रेस्ड रॉ लावा. फाइल बरीच लहान होते. व्ही९० कार्ड महाग पडतं. कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-टू (वेगवान कार्डांचा प्रकार) असेल तरच घ्या. त्या कार्डाच्या मागे पिनांच्या दोन ओळी असतात.

सुरयप्रेमी: कार्ड कुठलंही घ्या, बटण दाबून धरायची सवय आधी सोडा. कुरव सेकंदाला साधारण तीनदा पंख मारतो, म्हणजे एका फडक्याला पाच फ्रेम. अर्ध्या सेकंदाच्या बर्स्टमध्ये वर, आडवे, खाली असे सगळे पंख मिळतात.
शार्पनेसचं म्हणाल तर कंटिन्युअस एएफवर (पक्षी हलेल तसा फोकस बदलत राहतो) बटण अर्धंच दाबून पक्ष्यामागे लेन्स फिरवत राहा. फोकस पक्का बसल्यावरच पूर्ण दाबा. घाई केलीत तर कॅमेरा अख्ख्या बर्स्टभर फोकस शोधत बसतो. शटर १/२५०० सेकंद, सुरय पाण्यात सूर मारताना १/३२००, आयएसओ ऑटो. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर -०.७, नाहीतर पिसांचा तपशील उडालाच म्हणून समजा.

पाणकाठ: इलेक्ट्रॉनिक शटरवर २३ फ्रेम मिळतात. ते लावू का?

उलटाछत्रीवाला: नको. बफर आणखी लवकर भरेल. शिवाय स्टॅक्ड (झपाट्याने वाचला जाणारा) सेन्सर नसेल तर साधा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्या वेळात पंख हलतो आणि फोटोत वाकडा दिसतो. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी ठीक आहे.

होडीतला: होडीत बसूनच फोटो काढा, कोपर काठावर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. नावाडीदादांना वारा तुमच्या पाठीशी येईल अशी होडी लावायला सांगा. पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतात नि उतरतात, म्हणजे समोरून तुमच्याकडेच येतात. फ्लेमिंगोंच्या थव्यात होडी घालून त्यांना उडवायला मात्र सांगू नका, उठलेल्या थव्याची पाठच दिसते. आणि हो, बॅटरी उतरली की काही कॅमेरे बर्स्टचा वेग आपोआप कमी करतात. जादा बॅटरी खिशातच असू द्या.