म्हाताऱ्या सशाचा गळका डोळा: थेंबांवर दिवस काढायचे की मुळाशी जायचं?

हिरवा_पाला
सात-आठ वर्षांचा ससा. एक डोळा सतत गळतो, कोपऱ्यात दुधासारखं पांढरं साचतं, गालावरची लव झडून कातडी लाल होते. डॉक्टर थेंब देतात, पंधरा दिवस बरं वाटतं, परत तेच. मग घरात कोणीतरी म्हणतं, "वय झालं आता त्याचं, थेंब घालत राहा." मुंबईत ससा पाळणाऱ्या कितीतरी घरांत मी हेच ऐकते आणि माझा याला ठाम विरोध आहे. थेंब वाईट नाहीत, पण आजार बऱ्याचदा डोळ्यात नसतोच, तो दातांत असतो.

सशाचे २८ही दात आयुष्यभर वाढतात. त्याच्या प्रत्येक डोळ्यात पाणी वाहून जायला एकच छिद्र असतं, खालच्या पापणीत. तिथून निघालेली बारीक नळी वरच्या दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या मुळांना लागून नाकात उतरते. गवत कमी आणि दुकानातल्या तयार खाद्याच्या गोळ्या जास्त झाल्या की दात झिजत नाहीत, मुळं उलटी वर सरकतात आणि नळी दाबली जाते. गच्चीचा पन्हळ पानांनी तुंबला की पाणी भिंतीवरून उतरतं, तसं ते पाणी गालावर येतं. भिंत किती वेळा पुसणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वय कितीही असो, आधी डोक्याचा एक्स-रे काढा. उपचार करायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.

शीव_सर्कल
ताई, शरीरशास्त्र मान्य. पण एक्स-रेमध्ये मुळं वाढलेली दिसली, तर पुढे काय? वाढलेली मुळं परत खाली जात नाहीत. दाढा घासायच्या तर भूल द्यावी लागते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये आले होते. भूल दिल्यानंतर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, सशांत १.३९ टक्के. आजारी सशांचं वेगळं काढलं तर ७.३७ टक्के. आमची भुरी नऊ वर्षांची आहे. मी तिला त्या टेबलावर ठेवणार नाही.

शिवाय प्रवास. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात न्यायचं तर टॅक्सी. एप्रिल-मेच्या उकाड्यात, हॉर्नच्या गदारोळात बंद पेटीत बसलेला ससा घरी आल्यावर खाणंच सोडतो. आणि सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही, तर डोळ्यापेक्षा मोठं संकट उभं राहतं, कारण त्याचं आतडं थांबतं. गळक्या डोळ्याने ती आणखी दोन वर्षं आनंदात जगेल. रोज कोमट सलाइनने पुसते, गाल कोरडा ठेवते. ही सेवा कमी आहे का?

अनुस्वार
शीव_सर्कल यांच्या बाजूने आणखी एक. ससा हा शिकार होणारा प्राणी. त्याला टॉवेलात गुंडाळून दिवसातून तीनदा डोळा उघडायला लावायचं म्हणजे त्याच्या लेखी दिवसातून तीनदा पकडलं जाणं. काही दिवसांनी तो आपल्या पावलांच्या आवाजानेच पलंगाखाली जातो. उपचार वाढवताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

हिरवा_पाला
अनुस्वार, हे अगदी खरं आहे आणि म्हणूनच वर्षानुवर्षं नुसते थेंब घालणं मला क्रूर वाटतं. पकडायचं तर ते कारणी लागलं पाहिजे. बऱ्याच सशांची नळी डोळा बधिर करणारे थेंब घालून, भूल न देता सलाइनने धुता येते. निघालेला पू तपासणीला दिला की कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, अंदाजाने बाटल्या बदलाव्या लागत नाहीत.

शीव_सर्कल, तुम्ही दिलेल्या पाहणीतच निरोगी सशांचा आकडा ०.७३ टक्के आहे. म्हणजे आजारी सशांच्या जवळजवळ दहावा भाग. माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं: ससा खातोय, वजन टिकून आहे, तेव्हाच काय ते ठरवा. आपण थांबतो, मुळाशी गळू होतं, डोळा पुढे येतो, आणि मग धावपळ करून त्याच सशाला आजारी अवस्थेत भूल द्यावी लागते. सशाच्या डोळ्यामागे रक्ताचं मोठं जाळं असतं, तिथे डोळा काढायची शस्त्रक्रिया सोपी नसते.

माळ्यावरची_ट्रंक
वादात न पडता दोन गोष्टी. केमिस्टकडून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडवाले थेंब आणू नका. बुबुळावर ओरखडा असेल तर तो चिघळतो. आधी डॉक्टरांकडून ओरखडा हिरवा दाखवणाऱ्या रंगाची चाचणी करून घ्या. आणि माणसांचं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने कधीच देऊ नका, पोटातले उपयोगी जंतू मरून ससा दगावतो.

पावसाळ्यात गवताची पिशवी उघडी राहिली की बुरशी धरते, तिची धूळ डोळ्यात जाते. बंद गॅलरीत मुताचा उग्र वास कोंडला तरी डोळे चुरचुरतात. काही तक्रारी इथेच कमी होतात.

शीव_सर्कल
ट्रंकताई, गवत आणि स्वच्छता आमच्याकडे चोख आहे, तरीही डोळा गळतो.

हिरवा_पाला, टक्केवारी तुम्ही नीट वाचलीत, पण नऊ वर्षांच्या जिवाला निरोगी कसं म्हणायचं? वरून धडधाकट दिसला तरी मूत्रपिंडं थकलेली असू शकतात. आणि दृष्टी गेली तरी ससा खचत नाही. नाक, मिशा, कान यांवर त्याचं घर पाठ असतं. पेटी, पाणी, गवत जागच्या जागी ठेवलं की पुरे. डोळा वाचवण्यासाठी जीव पणाला लावायची माझी तयारी नाही.

हिरवा_पाला
दृष्टीसाठी मीही म्हणणार नाही. माझी काळजी वेदनेची आहे. दाढेचं मूळ हाडात टोचत असताना ससा ओरडत नाही. तो कडक गाजर सोडून मऊ कोथिंबीर निवडतो, दात करकरवतो, लेंड्या बारीक होतात. भुरीत यातलं काही दिसतंय का? दिसत असेल तर तिला निदान वेदनाशामक मिळायला हवं, आणि त्याचा डोस ठरवायलाही मूत्रपिंडांची रक्ततपासणी लागेल. तुमची शंकाही त्यातच मिटेल.

शीव_सर्कल
गाजर तिने गेल्या महिन्यापासून सोडलंय. मी ते वयावर घातलं होतं. रक्त तपासेन, एक्स-रेही काढेन, पण शुद्धीत, जमेल तेवढाच. दाढांना हात लावायला माझा नकार कायम आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगणार.

हिरवा_पाला
सांगा, तो तुमचाच निर्णय. सकाळी उन्हाच्या आत निघा आणि पेटीत गवत व ओली मेथी ठेवा. उपाशी आणा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सशाला उलटी होतच नाही, त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही. एक्स-रेची प्रत मागून घ्या, सशांचे दात नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येईल, भुरीला परत न हलवता.