आई खाली का दिसत नाहीत?

बी-३०४: नमस्कार. बऱ्याच जणांनी विचारलं, आई हल्ली कट्ट्यावर का नसतात. गेले आठ महिने त्या एकट्याने जिना उतरलेल्या नाहीत. पाय मुरगळला, तीन आठवडे अंथरुणात काढले आणि त्यानंतर चालणं सुटलंच. आम्हीही म्हणत राहिलो, ७८ वय आहे, चालायचंच. तिथे चुकलो.

ए-१०२: अगं, वयाने गुडघे जातातच. आमच्या ह्यांचं तेच. मी रोज तेल लावते.

बी-३०४: काकू, मलाही गुडघेच वाटले होते. परवा वृद्धांच्या डॉक्टरांकडे नेलं. हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा म्हणाले, घड्याळ लावून. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवं, आईंना २१ लागले. मग हाताची पकड मोजली. बायकांची १८ किलोच्या खाली आली तर कमी धरतात, आईंची ११ भरली. म्हणाले, हा सार्कोपेनिया, स्नायू झिजण्याचा आजार. आजार म्हटल्यावर मला रडूच आलं, कारण आजारावर काहीतरी करता येतं.

सी-४०१: ताई, येतंच. मी फिजिओ आहे, रोज बघते. हा शब्द १९८९ चा, पण अमेरिकेत आजारांच्या अधिकृत यादीत याला स्वतंत्र कोड मिळाला थेट २०१६ साली. आपल्याकडे अजूनही 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक देऊन घरी पाठवतात. यावर खास गोळी नाही. वजनाचा व्यायाम हेच औषध. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या मंडळींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, तर ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीच्या!

ए-१०२: ह्यांना मी अर्धा तास चालवते की.

सी-४०१: चालणं हवंच, काकू. पण मांड्यांत ताकद यायला भार लागतो. खुर्चीतून उठबस, घोट्याला वाळूची पिशवी, हळूहळू वाढवत. आणि काकांना रात्री नुसता भात-आमटी नको. घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बी-३०४: सेक्रेटरी काका, एक विनंती. जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. उतरताना आईंचा धड हात त्या बाजूला येत नाही. भिंतीकडून पाईप लावता येईल का? पहिल्या मजल्यावर टेकायला एक खुर्चीही हवी.

सेक्रेटरी: खुर्ची आज संध्याकाळीच ठेवतो. पाईपसाठी फॅब्रिकेटरला उद्या माप घ्यायला बोलावतो.

ए-१०२: आत्ता ह्यांना उठवून बघितलं. चार वेळा जमलं, पाचव्याला हात टेकले. १९ सेकंद. त्या डॉक्टरांचा नंबर मला वेगळा पाठव गं.