आजारी आहे म्हणून मार सहन करायचा?

घरातला मानसिक आजारी माणूस मारतो, त्यावर एकांनी लिहिलंय की "तो आजारी आहे, हात उचलला तरी मनावर घेऊ नका". मनावर नाही घेतलं हो आम्ही, पण अंगावर तर घेतलंच ना. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे आणि आईने कित्येक वर्षं वण लपवत काढली, कुणी विचारलं की दार लागलं म्हणायची.

बहुतेक पेशंट कुणाला मारत नाहीत, उलट तेच जास्त वेळा मार खातात, हे आधी सांगते. पण हिंसा होते तेव्हा समोर बरेचदा घरातलंच माणूस असतं. औषधं बंद केलेली, त्यात दारू किंवा गांजा, आणि आधीही मारहाण झालेली असेल तर धोका खूप वाढतो. "मला काही झालेलं नाही" हा दरवेळी हट्ट नसतो, आजारामुळेच ती जाणीव जाते (अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात), म्हणून वाद घालून काही होत नाही, आम्ही खूप घातले. गोळ्या चुकवत असेल तर डॉक्टरांना महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा, आणि दोन औषधं नीट देऊनही फरक नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा, रक्त तपासत राहावं लागतं पण भावाचा राग त्यानेच उतरला.

डॉक्टर तुम्हाला पेशंटची माहिती देणार नाहीत कदाचित, पण तुमचं ऐकू तर शकतात, घरी काय घडलं ते तारखांसकट लिहून द्या. आणि तो चिडला की दार अडवू नका, तुम्ही बाहेर पडा.